पाणी आणि शब्द

माझं सासर कराड तालुक्यातलं, कृष्णेकाठचं. माहेर आटपाडी तालुक्यातलं, माणदेशातलं. एक सातारा जिल्ह्यात, दुसरं सांगली जिल्ह्यात. लग्न होऊन इकडे आले तेव्हा विहिरीला बारमाही पाणी असतं हेच मला खरं वाटेना. माहेरी आईचा अर्धा जन्म हंड्यामागे गेला होता. आज माहेरच्या शिवारात जे पाणी फिरतं ते माझ्या सासरच्या तालुक्यातूनच जातं. कराडजवळ कृष्णेवर टेंभू गाव आहे. तिथं पाणी उचलतात, टप्प्याटप्प्यानं चढवत खानापूर, आटपाडीकडे नेतात आणि पुढे सांगोल्यापर्यंत पोचवतात. या टेंभूच्या पाण्यावरून माझं आणि थोरल्या भावाचं काही वर्षांपासून भांडण चालू आहे. भांडण बांधाचं नाही की वाटणीचं नाही. मत कुणाला आणि कशासाठी द्यायचं, याचं आहे.

सुरुवात झाली २०१९ मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही लोकसभेला मतदान केलं. उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाच्या फरकानं निवडून आले. मे महिन्यात निकाल लागला आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये प्रवेश केला. २१ ऑक्टोबरला विधानसभेच्या मतदानाबरोबरच साताऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक लागली. त्यांच्यासमोर राष्ट्रवादीनं श्रीनिवास पाटील यांना उभं केलं. जुने सनदी अधिकारी, कराडचे माजी खासदार, सिक्कीमचे माजी राज्यपाल.

आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. निवडणूक आली की दुकानात गर्दी होते. मतदार यादीची पानं, ओळखपत्रं, वॉर्डाचे नकाशे, सगळं आमच्याच मशीनमधून निघतं. त्या पोटनिवडणुकीत मी उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली, प्रिंट काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण लिहून द्यावं लागतं. नमुना २६ म्हणतात त्याला. हा हक्क आपल्याला मिळालाय आणि तो वापरणारं माणूस क्वचित दिसतं, याची मला फार खंत वाटते. म्हणून ठेवली.

लोक ती कशी वाचतात हे काउंटरच्या या बाजूनं मी बघितलंय. पहिल्यांदा सगळे मालमत्तेच्या पानावर जातात. बायका उमेदवाराच्या बायकोच्या नावचं सोनं किती तोळे ते बघतात, बाप्ये जमिनीचे गट नंबर बघतात आणि ‘ही तर आपल्या शेजारची’ म्हणून एकमेकांना दाखवतात. गुन्ह्यांच्या तक्त्यावर मात्र नजर ठरत नाही, कारण तिथं नुसते कलमांचे आकडे असतात. मग मी आमच्या ओळखीच्या एका वकिलांकडून कलमांचे अर्थ लिहून आणले आणि काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवले. तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं १४३ म्हणजे बेकायदा जमाव. ३४१ म्हणजे वाट अडवणं. १८८ म्हणजे सरकारी हुकूम मोडणं. हे तिन्ही एकत्र दिसले तर बहुतेक वेळा रास्ता रोको किंवा मोर्चा. ४०६ आणि ४०९ म्हणजे विश्वासानं सोपवलेल्या पैशाचा अपहार, ४२० म्हणजे फसवणूक. ३५४ म्हणजे बाईच्या अब्रूवर हात.

हे वाचायला लागल्यावर लोकांची बोलण्याची तऱ्हाच बदलली. ‘त्याच्यावर आठ केसेस हायत’ एवढ्यावर जे बोलणं संपायचं ते ‘कसल्या आठ?’ इथपर्यंत येऊ लागलं. माझ्या माहेरचा पाण्याचा लढा ज्यांनी उभा केला त्यांच्या शपथपत्रात असलेच गुन्हे निघाले असते. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी १९९३ पासून दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीत भरवली. त्या परिषदांना माझे वडील सायकलवरून जायचे. रस्ते अडवले गेले, कचेऱ्यांवर मोर्चे गेले. पाण्यासाठी वाट अडवणारा आणि ठेवीदारांचा पैसा गिळणारा, दोघांच्या नावापुढे ‘गुन्हे प्रलंबित’ हाच शब्द येतो. माणूस कसा आहे हे त्या आकड्यावर ठरवलं तर आपण पहिल्याला नाकारू आणि दुसरा वकिलाच्या जोरावर कोऱ्या तक्त्यानं उभा राहील.

आटपाडीत आणखी एक जागा आहे, तिचा मला अभिमान वाटतो. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत सुरू केली. खुनाची शिक्षा भोगणारे कैदी तिथं कुलपाशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा सिनेमा त्यावरूनच निघाला. त्याच राजानं त्याच वर्षी आपली सत्ता सोडून प्रजेला राज्यघटना दिली. म्हणजे माझ्या माहेरच्या मातीत मताचा हक्क आणि ‘गुन्हा केला म्हणून माणूस संपला नाही’ हा विश्वास एकाच वेळी रुजला. मी शपथपत्र वाचते ते कुणाला कायमचं बाद करायला म्हणून नाही. माझा शब्द ज्याच्या हाती द्यायचा त्यानं आधी कुणाकुणाचा शब्द सांभाळला, हे मला बघायचं असतं.

त्या ऑक्टोबरात आमच्या काउंटरवर खरा प्रश्न गुन्ह्यांचा नव्हताच. साताऱ्यात छत्रपतींच्या गादीचा मान मोठा आहे आणि तो असायलाच हवा. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, उदयनराजेंचं नाव घेताना आजही हात जोडतात. पण सगळे एकच विचारत होते: सहा महिन्यांपूर्वी जे धोरण वाईट म्हणून आमच्याकडून मत नेलं, तेच धोरण आता चांगलं कसं झालं? मतदानाच्या तीन दिवस आधी, १८ तारखेला, साताऱ्यात राष्ट्रवादीच्या शरद पवारांची पावसातली सभा झाली. लोकसभेला उमेदवार निवडण्यात आपली चूक झाली, असं ते भर पावसात म्हणाले. दुकानात आम्ही दहा-बाराजण एकाच मोबाइलवर ती सभा बघत होतो. राज्यभर त्या पावसाची चर्चा झाली, मला मात्र त्या कबुलीचं महत्त्व जास्त वाटलं. उमेदवार देण्यात चूक झाली असं सांगणारा पक्ष मी त्याआधी बघितला नव्हता.

मतदानाच्या दिवशी मी श्रीनिवास पाटलांना मत दिलं. ते सुमारे ८७ हजारांनी निवडून आले. मत देताना मी दोन्ही उमेदवारांची ऊस, रस्ते, मेडिकल कॉलेज यांवरची भाषणं ऐकली होती आणि त्यांत फारसा फरक नव्हता. फरक दिलेल्या शब्दाचा होता. तरीही उदयनराजेंची एक गोष्ट मी तेव्हाही मानली आणि आजही मानते. त्यांनी राजीनामा दिला आणि आमच्यासमोर परत आले. आम्हाला हो किंवा नाही म्हणायची संधी मिळाली. पुढे जे घडलं ते बघता ही बाब लहान नाही.

ते पुढचं घडलं जून २०२२ मध्ये. शिवसेनेचे बरेच आमदार बंड करून एकनाथ शिंदेंबरोबर गेले. त्यांत माझ्या माहेरच्या खानापूर-आटपाडी मतदारसंघाचे आमदार अनिल बाबर होते. आमच्याकडे त्यांना सगळे अनिलभाऊ म्हणायचे, कुणी पाणीदार आमदार म्हणायचं. मी दादाला फोन लावला. मला वाटलं होतं तोही चिडला असेल. तो म्हणाला, ‘‘गेले ते बरं झालं. टेंभूचा सहावा टप्पा व्हायचा तर सत्तेत पाहिजेत.’’

‘‘दादा, मत कशाला मागितलं होतं? धनुष्यबाणाला ना?’’

‘‘आम्हाला मत पाण्याला मागितलं होतं. बाण काय प्यायला येतो का?’’

मी म्हटलं, उद्या ते आणखी कुठं जातील. तो शांतपणे म्हणाला, ‘‘ताई, तुझ्या दारात नदी हाय. दारात नदी असली की माणसाला तत्त्व सुचतं.’’

हे वाक्य मला लागलं. पण त्याच्यात तथ्य होतं आणि मी ते मनापासून विचारात घेतलं. आमच्या लहानपणी चैत्रात गाव निम्मं रिकामं व्हायचं. कुणी ऊसतोडीला गेलेलं, कुणी मेंढरं घेऊन, कुणी सोनं गाळायच्या धंद्यात कलकत्त्यापासून कोइमतूरपर्यंत. शिकलेला मुलगा गावात दिसला तर ‘अजून इथंच?’ असं विचारायचे. दादाच्या तीन एकरांत आज डाळिंब आहे. त्याचा मुलगा गावात राहतो. ज्या माणसाच्या खटपटीनं हे झालं त्याला ‘गद्दार’ म्हणायला दादाची जीभ वळणार नाही, आणि ती का वळावी? चारित्र्य बघून मत द्या, असं सांगणारी मंडळी बहुतेक वेळा पोट भरलेली असतात. ज्याच्या रानात धूळ उडते त्यानं पाण्याकडे बघून मत दिलं तर त्याला लाचार म्हणू नये. त्याच्यासाठी पाणी हेच नीतीचं काम आहे.

पण मग पाणी आलं कसं, हे मी दादाच्या नजरेतून पुन्हा वाचून काढलं. टेंभूचा इतिहास पक्षांच्या खतावणीत बसत नाही. १९९५ च्या निवडणुकीत राज्यात ४५ अपक्ष निवडून आले. त्यांत पश्चिम महाराष्ट्रातले काँग्रेसचे बंडखोर बरेच होते. त्यांच्या पाठिंब्यावर शिवसेना-भाजप युतीचं सरकार उभं राहिलं आणि त्या पाठिंब्याच्या बदल्यात त्यांनी कृष्णेचं पाणी मागितलं. बच्छावत लवादानं महाराष्ट्राला दिलेलं ५६० टीएमसी पाणी मे २००० पर्यंत अडवून दाखवायची निकड होतीच. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, टेंभूला मंजुरी मिळाली. नंतर काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीची सरकारं आली, पैसा कधी आला, कधी आटला. पंप बसले तर वीजबिल थकलं म्हणून बंद पडले. शेवटी बिलाचा ८१ टक्के वाटा सरकारचा आणि १९ टक्के शेतकऱ्याचा, असा तोडगा निघाला. पाटाऐवजी बंद पाइपनं पाणी नेण्याचा आग्रह आटपाडीच्या चळवळीनं धरला. पाझर थांबतो, जमीन जात नाही आणि वरच्याला जास्त, खालच्याला कमी असं होत नाही, म्हणून.

म्हणजे दादाचं म्हणणं मुळापासून खरं होतं. योजनेचा जन्मच अशा लोकांच्या हातून झाला ज्यांनी पक्ष सोडला होता. त्यांनी तो मतदानाआधी सोडला होता, मतदारासमोर अपक्ष म्हणून उभे राहिले होते आणि लोकांनी ते जाणून त्यांना निवडलं होतं. दादाशी वाद घालताना मला सापडलेला हा फरक मी त्या दिवाळीला त्याच्यासमोर मांडला. तो डाळिंबाच्या पेट्या भरत होता, मी कागदाची कात्रणं पसरून देत होते. मी म्हटलं, ‘‘पंच्याण्णवला बंडखोरांनी आधी सांगितलं आणि मग मत घेतलं. बाविसला आधी मत घेतलं आणि मग सांगितलं.’’

तो पेटीवर झाकण ठोकत म्हणाला, ‘‘आणि आम्ही नको म्हटलं असतं व्हय? परत निवडून दिलं असतं.’’

‘‘मग विचारायचं की! विचारलं असतं तर तुझं मत त्यांच्याजवळ राहिलं असतं. आता ते तुझ्याजवळून न विचारता नेलं.’’

दादा गप्प बसला नाही, तो गप्प बसणाऱ्यातला नाही. म्हणाला, ‘‘राजीनामा देऊन फिरायला येळ कुणाला? सरकार चालू असतंय तेवढ्यात काम काढून घ्यायचं असतंय.’’ हे बरोबर आहे, कामाची घाई खरी असते. पण या घाईची सोय मतदाराला कुणी विचारून केली नाही. पक्षांतराविरुद्ध कायदा १९८५ चा आहे. २००३ मध्ये एक तृतीयांश आमदारांनी फुटण्याची पळवाट बुजवली. तरी २०२२ चं प्रकरण आधी न्यायालयात आणि मग विधानसभा अध्यक्षांकडे रेंगाळलं. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी निकाल दिला आणि कुणालाच अपात्र ठरवलं नाही. ज्या सोळाजणांविरुद्ध मूळ अर्ज होते त्यांत अनिलभाऊ होते, आमच्या साताऱ्यातले कोरेगावचे आमदारही होते. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ३१ जानेवारीला, अनिलभाऊ गेले. दादा अंत्यदर्शनाला गेला होता. त्या दिवशी मी फोनवर वाद घातला नाही. त्याच्या रडण्यात खोटं काहीच नव्हतं, आणि माझ्या आक्षेपातही नव्हतं.

माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणायचे, असते तर त्यांनी मला १९५७ सांगितलं असतं. ते आमच्या घरात पुन्हापुन्हा ऐकून पाठ झालंय. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. यशवंतराव चव्हाण तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, म्हणजे मराठी माणसाच्या मागणीच्या उलट बाजूला उभे. मामा तरुण होते, यशवंतरावांना देव मानायचे आणि तरी त्यांनी संयुक्त महाराष्ट्र समितीला मत दिलं. साताऱ्याहून लोकसभेवर समितीचे क्रांतिसिंह नाना पाटील गेले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला आणि कराडला यशवंतराव दोन हजारांपेक्षाही कमी मतांनी कसेबसे तरले. ‘‘पडले असते तर जेवण गेलं नसतं, आणि मत दिलं असतं तर झोप आली नसती,’’ असं मामा म्हणायचे. त्यांच्या खोलीत यशवंतरावांची तसबीर शेवटपर्यंत होती. माणूस चांगला असून धोरण चुकतंय म्हणून त्यांनी विरोधात मत दिलं आणि माणसाबद्दलचा आदर एका दोऱ्यानंही उसवू दिला नाही. आजचे कार्यकर्ते एकमेकांच्या आईबहिणीवरून बोलतात तेव्हा मला मामांची आठवण येते.

चांगल्या माणसाचं धोरणही तपासावं लागतं, हे मला तासगावच्या आर. आर. पाटलांवरून, म्हणजे आमच्या आबांवरून, पटलं. माहेरून इकडे यायचं तर तासगावमार्गेही येता येतं आणि अंजनी गावातलं आबांचं साधं घर आम्ही सगळ्यांनी बघितलंय. ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं. माझ्या माहेरच्या गावानंही तेव्हा उकिरडे उचलले, भिंती रंगवल्या. पुढे तंटामुक्त गाव मोहीम काढली. पोलीस भरतीत वशिला चालत नाही, असं गोरगरिबांची पोरं आबांच्या काळात छातीवर हात ठेवून सांगायची. माणसाच्या स्वभावातूनच ही कामं उगवली होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आणि त्याच आबांनी गृहमंत्री असताना २००५ मध्ये डान्स बार बंद केले. आमच्याकडे बायकांनी त्यांना दुवा दिला, मीही दिला. बंदीनं नाचणाऱ्या हजारो बायकांचं पोट मात्र एका दिवसात गेलं. बड्या हॉटेलांना सूट होती. आधी उच्च न्यायालयानं आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी घटनाबाह्य ठरवली. त्या बायकांचं पुढं काय, हा प्रश्न आमच्या गावात कुणी विचारला नव्हता, कारण आबांनी केलंय म्हणजे भल्यासाठीच केलं असणार, ही खात्री होती. स्वच्छ माणसावरच्या विश्वासात एवढा एक धोका असतो. त्याचा कायदा आपण वाचत नाही.

आमच्या भागात हे सगळं तोलायला मतदार खरोखर मोकळा असतो का, हाही प्रश्न आहे. उमेदवार कारखान्याचा चेअरमन असतो, बँकेत संचालक असतो, पोरगं ज्या कॉलेजात शिकतं त्या संस्थेचा अध्यक्ष असतो. उसाला तोड कधी मिळणार हे गावातल्या मतांवर ठरतं, असं शेतकरी उघड बोलतात. एका वर्षी आमच्याही उसाला तुरे येईपर्यंत टोळी आली नाही. तिकडे चिठ्ठी घेऊन गेलेल्या दिरांना ‘तुमच्या वाडीचा बूथ बघा’ असं सांगण्यात आलं. अशा ठिकाणी चारित्र्याचा पहिला पुरावा भाषणात शोधू नये. विरोधात मत दिलेल्या वाडीचा ऊस तो वेळेवर नेतो का, तेवढं विचारावं. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारते. उत्तर देताना लोक आधी इकडंतिकडं बघतात.

२०२४ च्या लोकसभेला ७ मे रोजी सातारा आणि सांगली, दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान झालं. साताऱ्यात उदयनराजे भाजपकडून होते, समोर शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. यंत्रावर एका अपक्षाचं चिन्ह तुतारी होतं, ज्याला सगळे पिपाणी म्हणतात. आत्यांना मी आधी चित्र काढून समजावलं होतं. तरी बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘मी वाजिवणारा बाप्याच दाबला, पर पुढच्या बाईनं काय दाबलं देव जाणे.’’ निकालात पिपाणीला ३७ हजारांवर मतं पडली आणि उदयनराजे जिंकले ते ३३ हजारांच्या आत. कुणाचं मत कुठं चुकलं हे कुणीच सिद्ध करू शकत नाही. पण माणूस आणि धोरण इतकं तोलूनमापून आलेल्या मतदाराला दोन सारख्या चित्रांसमोर उभं करणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि माझा त्यावर राग आहे.

सांगलीत उलट झालं. वसंतदादांचे नातू विशाल पाटील यांना महाविकास आघाडीत जागा मिळाली नाही. ती उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेनं घेतली आणि डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटलांना दिली. विशाल पाटील लिफाफा चिन्ह घेऊन अपक्ष उभे राहिले आणि भाजपचे दोन वेळचे खासदार संजयकाका पाटील यांना एक लाखानं हरवून निवडून आले. २०१९ मध्ये ते स्वाभिमानी पक्षाची बॅट घेऊन हरले होते. दादानं लिफाफ्याला मत दिलं. मी विचारलं, हाही बंडखोरच की? तो म्हणाला, ‘‘हा बंड आधी करून आला. तूच म्हणाली होतीस.’’ माझा मुद्दा त्यानं माझ्याकडून घेऊन माझ्यासमोर ठेवला होता, आणि मला मनापासून आनंद झाला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा लागली. खानापूरमधून अनिलभाऊंचे चिरंजीव सुहास बाबर शिंदेंच्या शिवसेनेकडून उभे होते. मी दिवाळीला माहेरी होते. सकाळी कार्यकर्ते घरी आले, दादानं चहा ठेवायला लावला. टेंभूचा विस्तार, बंद पाइपलाइन, राहिलेली गावं, सगळं बोलणं झालं. आमच्या वरच्या आळीचा व्हॉल्व्ह कधी बसणार हे दादानं विचारलं. त्यांच्यातल्या एकानं डायरी काढून गट नंबरासकट लिहून घेतलं.

‘‘आणखी काय?’’ तो म्हणाला.

दादानं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, ‘‘दुसरी गोष्ट. पाच वर्षांत पक्ष बदलायचा झाला तर आधी राजीनामा द्यायचा आणि आम्हाला विचारायचं. आम्ही परत निवडून देऊ, त्याची काळजी नको. पण विचारायचं.’’

पोरगा हसला. म्हणाला, ‘‘आण्णा, हे काय कामात बसत नाही.’’

‘‘बसतंय. लिहा.’’

त्यानं शेजारच्याकडे बघितलं. शेजारचा चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाला, लिही बाबा. मग त्यानं व्हॉल्व्हच्या ओळीखाली दोन नंबर टाकला आणि लिहिलं. दादानं डायरी मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि परत दिली. ते पुढच्या घरी गेल्यावर वहिनी म्हणाली, ‘‘मत तर ह्यांनाच देणार, मग कशाला अडवलं पोरांना?’’

दादा म्हणाला, ‘‘ह्यांनाच देणार म्हणूनच सांगितलं.’’

कराडला परत आल्यावर मी शपथपत्रांच्या शेजारी काउंटरवर एक कोरी वही ठेवली. पहिल्या पानावर ‘आधी राजीनामा, मग विचारणं’ या दादाच्या दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि आमच्याकडे मत मागायला आलेल्या प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याला त्याखाली सही मागितली. काहींनी केली. ज्यांनी केली नाही त्यांच्या पक्षाची नावंही मी तारखेसह लिहून ठेवली आहेत.